मुलांच्या केसांना ‘टेम्पररी’ रंग : लावावा की नाही?

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. तापाचं, खोकल्याचं सगळं विचारून झालेलं असतं, औषधाची चिठ्ठी हातात पडलेली असते, आणि दाराशी पोहोचलेली आई मागे वळून विचारते, “डॉक्टर, हिच्या वाढदिवसाला केसांना थोडा गुलाबी रंग लावला तर चालेल ना? टेम्पररीच आहे.” मुलगी असते चार-पाच वर्षांची. सोबत आजी आलेली असेल तर ती माझ्याकडे अशा नजरेने बघते, की मी आता ठणकावून ‘नाही’ म्हणावं. आणि मुलगी बघते, की मी ‘हो’ म्हणावं.

दाराशी उभं राहून एका शब्दात उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे आजींनाही लेख शेवटपर्यंत वाचायचा की नाही ते ठरवता येईल. केसांच्या वरच बसणारा आणि एका धुण्यात निघून जाणारा रंग पाच वर्षांच्या निरोगी मुलाच्या केसांना लावायला माझी हरकत नाही. वर्षातून एक-दोनदा हौस म्हणून जरूर लावा. माझी हरकत आहे ती ‘टेम्पररी’ ह्या शब्दाचं बोट धरून जे बाकीचं घरात शिरतं त्याला. कारण हा शब्द दुकानदार वापरतो, पार्लरवाली वापरते, शाळेतल्या नाचाच्या बाई वापरतात, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो.

केस म्हणजे कौलारू छप्पर

केसाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बाहेरून एक पातळ आवरण दिसतं. त्यात खवल्यांसारखे थर एकावर एक चढवलेले असतात, अगदी कोकणातल्या घरावर कौलं बसवतात तसे. ह्या कौलांच्या आत केसाचा मुख्य गाभा असतो आणि त्या गाभ्यात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. आपले केस काळे दिसतात ते त्याच्यामुळे. त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव असतो. जिवंत असतं ते त्याचं मूळ, आणि ते असतं डोक्याच्या त्वचेत.

आता रंग तीन प्रकारे बसतो. पहिला प्रकार कौलांवर नुसता सांडलेल्या रंगासारखा. हेअर चॉक, रंगीत वॅक्स, रंगीत मस्कारा, स्प्रे हे सगळे ह्यात येतात. रंगाचे कण मोठे असतात, आत शिरतच नाहीत, आणि शाम्पूने धुतले की निघतात. दुसरा प्रकार कौलांच्या फटीत थोडा शिरणारा, त्याला सेमी-परमनंट म्हणतात. तो काही धुण्यांनंतर फिका होत जातो. तिसरा प्रकार कायमचा. त्यात अमोनियासारख्या अल्कलीने कौलं उचकटतात, रंगाचे लहान रेणू आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ते आतल्या आत एकमेकांना जोडून मोठे होतात आणि आत अडकून बसतात. आजोबा महिन्यातून एकदा जे करतात ते बहुतेक वेळा हे तिसऱ्या प्रकारचं काम असतं.

पहिल्या प्रकारात त्वचेशी फारसा संबंध येत नाही, काळजीपूर्वक लावलं तर. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात येतो. लहान मुलाची त्वचा मोठ्यांपेक्षा नाजूक असते, वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे लावलेली गोष्ट त्या मानाने जास्त शोषली जाऊ शकते. शिवाय मूल डोकं खाजवतं, तोच हात तोंडात घालतं, डोळे चोळतं. चाळीस मिनिटं टोपी घालून हलू नकोस, असं पाच वर्षांच्या मुलाला सांगून बघा.

काळ्या केसांची अडचण

ह्या सगळ्या फॅशनचे फोटो आपण पाहतो ते बहुधा परदेशी मुलांचे. त्यांचे केस मुळातच सोनेरी किंवा फिकट तपकिरी असतात. त्यांच्यावर गुलाबी खडू नुसता फिरवला तरी तो खुलतो, पांढऱ्या कागदावर रंग भरल्यासारखा. आपल्या मुलांचे केस काळे. काळ्या पाटीवर रंगीत पेन्सिल फिरवली तर काय दिसणार?

इथेच गाडी घसरते. आई मुलीला घेऊन पार्लरमध्ये जाते. तिथे तिला सांगितलं जातं की रंग टेम्पररीच आहे, पण काळ्यावर दिसणार नाही, म्हणून आधी दोन-तीन बटा ‘प्री-लाइट’ करून घेऊ. प्री-लाइट म्हणजे ब्लीच. आईला वाटतं, अजूनही आपण टेम्पररी रंगाबद्दलच बोलतो आहोत. प्रत्यक्षात बटेवर आधी ब्लीच पावडर आणि पेरॉक्साइडची पेस्ट लागणार असते. हे मिश्रण कौलं उघडतं, आतलं मेलॅनिन मोडून टाकतं, आणि केसाला बळकटी देणारे प्रथिनांमधले गंधकाचे बंधही काही प्रमाणात तोडतं. वर लावलेला गुलाबी रंग पंधरा दिवसांत जातो. खाली उरते ती पिवळट, काथ्यासारखी राठ झालेली बट. ती परत काळी होत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे कानाखाली रुळणारी ती बट कापल्याशिवाय जायला दोन वर्षंही लागतील.

केसाचं झालेलं नुकसान मी एक वेळ सोडून देईन, तो निर्जीवच आहे. त्वचेचं सोडता येत नाही. ब्लीचची पेस्ट त्वचेला लागली, वर चंदेरी फॉइल गुंडाळली आणि ड्रायरची ऊब दिली, तर रासायनिक भाजणं होऊ शकतं. किशोरवयीन मुलींच्या डोक्यावर अशा हायलाइट्समुळे खोल जखमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. जखम खोलवर गेली तर तिथली मुळं मरतात आणि त्या जागी केस पुन्हा येत नाहीत. मोठी मुलगी ‘आग होतेय’ म्हणून ओरडेल. लहान मूल आधीच पार्लरच्या खुर्चीत बावरलेलं असतं. ते रडलं तर आपण त्याच्या हातात मोबाइल देतो, आणि ते का रडतंय हे विचारायचं राहून जातं.

ब्लीच पावडरमध्ये परसल्फेट नावाचे क्षार असतात. पार्लरमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना ह्या पावडरीच्या धुळीमुळे दमा होतो, हे चांगलं माहीत असलेलं आहे. ज्या मुलाला आधीच बाळदमा आहे त्याला अशा धुळीशेजारी बसवू नये, एवढं समजायला डॉक्टर लागत नाही.

तेव्हा पार्लरमध्ये एकच प्रश्न विचारा : ह्या रंगाआधी केसांना काही लावणार आहात का? उत्तर ‘थोडंसं’ असं आलं, तरी मुलाला घेऊन घरी या. काळ्या केसांवर खडूचा रंग जेवढा दिसेल तेवढा दिसू द्या. लाल, जांभळा, निळा, सोनेरी हे रंग त्यातल्या त्यात बरे उठतात. तान्ह्या गुलाबीचा हट्ट असेल तर रंगीत केसांची खोटी बट क्लिपने लावायला मिळते. मुलीला तीही तेवढीच आवडते. आईला फोटोत जरा कमी आवडते, इतकंच.

स्प्रे आणि स्नेहसंमेलन

दुसरी गोष्ट स्प्रे. डिसेंबर-जानेवारी आला की शाळांची स्नेहसंमेलनं सुरू होतात. कोणी परी, कोणी रोबो, कोणी पोपट. मुलांच्या डोक्यावर चंदेरी, हिरवा, लाल स्प्रे मारला जातो. ग्रीनरूम म्हणजे बहुतेक वेळा खिडक्या बंद केलेला एक वर्ग. त्यात चाळीस मुलं रांगेत, आणि एक ताई एकामागून एक डोकी रंगवत चाललेली.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाच्या संध्याकाळी सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. डोक्यावर चंदेरी रंग, अंगात नाचाचा झगमगीत पोशाख, आणि छाती भात्यासारखी हलते आहे. त्याला दमा असल्याचं शाळेच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं. पण फॉर्म ऑफिसात होता आणि स्प्रे ग्रीनरूममध्ये. नेब्युलायझर दिल्यावर तासाभरात तो सावरला, नाच मात्र हुकला. त्याचं त्याला इतकं वाईट वाटलं होतं की श्वास नीट लागल्यावर तो खरा रडला. आईने शाळेकडे विचारणा केली तेव्हा उत्तर मिळालं, “टेम्पररी कलर होता, हार्मलेस असतो.”

स्प्रेमध्ये रंगाबरोबर चिकटवणारं द्रव्य असतं, बऱ्याचदा अल्कोहोल असतं, आणि डब्यातून फवारा बाहेर ढकलण्यासाठी ब्युटेन, प्रोपेन ह्यांसारखे वायू असतात. डोक्यावर मारलेला फवारा फक्त डोक्यावर बसत नाही. त्याचे बारीक थेंब नाका-तोंडासमोर तरंगतात. निरोगी मुलाला खोकला येऊन थांबेल. दम्याच्या मुलाच्या श्वासनलिका आधीच चिडखोर असतात, त्या आवळतात.

आणि हे वायू ज्वालाग्राही आहेत. डब्यावर ज्वालेचं चिन्ह छापलेलं असतं, बारीक. वाढदिवसाला काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. मुलीच्या केसांना नुकताच स्प्रे मारला आहे, ती केकवर वाकली आहे, मेणबत्त्या पेटल्या आहेत, आणि बाजूने मित्रमंडळी फेसाचा स्प्रे उडवत आहेत. अशा स्प्रेने भडका उडाल्याच्या बातम्या आपल्याकडे वरचेवर येतात, त्यांचे व्हिडिओही फिरतात. आपण ते पाहतो, पुढे पाठवतो, आणि पुढच्या वाढदिवसाला पुन्हा डबा आणतो. माझा सरळ सल्ला आहे, लहान मुलांच्या केसांसाठी स्प्रे नकोच. ज्या पालकांची मुलं संमेलनात आहेत त्यांनी आठवडाभर आधी बाईंना विचारून ठेवावं की केसांना काय लावणार आहात. दमा, ॲलर्जी, इसब असेल तर तेव्हाच स्पष्ट सांगावं. शाळेला राग आला तर येऊ दे. आपल्याकडे पालकसभेत फीवर तासभर वाद होतो, ह्यावर एक मिनिट गेलेलं मी ऐकलेलं नाही.

चमकीबद्दल एक ओळ : हस्तकलेची चमकी केसांत टाकू नका. ती डोळ्यात गेली आणि मुलाने डोळा चोळला की बुबुळावर ओरखडा उठतो, आणि त्याचं दुखणं भयंकर असतं.

काळा रंग, जो कोणालाच भडक वाटत नाही

आता आजींची नाराजी ओढवून घेतो. नातीच्या केसांतली निळी बट त्यांना खुपते, पण मावशीच्या लग्नात त्याच नातीच्या हातावर ‘काळी मेंदी’ काढून घेतली तेव्हा त्यांनी कौतुक केलं होतं. ह्या दोन्हींत जास्त काळजीची गोष्ट कोणती विचाराल तर मी काळी मेंदी सांगेन.

खऱ्या मेंदीचा रंग केशरी येतो, एक-दोन दिवसांत गडद होत तपकिरी-लाल होतो, आणि त्यासाठी ती काही तास हातावर ठेवावी लागते. मेंदीच्या पानातून कुळकुळीत काळा रंग येत नाही. तो आला असेल तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे. बहुतेक वेळा ते असतं पॅरा-फेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी. केसांच्या कायमच्या काळ्या रंगातलं मुख्य रसायन हेच. युरोपात केसांच्या रंगात, तो डोक्यावर लागतेवेळी, ह्याचं प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. काळ्या मेंदीच्या नमुन्यांत त्याहून कितीतरी पट प्रमाण सापडलेलं आहे. आणि ती लावली जाते थेट त्वचेवर, तासन्‌तास.

पीपीडीची ॲलर्जी कशी होते ते समजून घ्या, कारण सगळी गोम त्यात आहे. पहिल्यांदा लावल्यावर लगेच काहीच होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती ह्या रसायनाची ओळख मनात ठेवते. कधी आठ-पंधरा दिवसांनी नक्षीच्या रेषांवरच पुरळ उठतं, फोड येतात, आणि नक्षी जाऊन तिच्या आकाराचा काळा किंवा पांढरा डाग महिनोन्‌महिने राहतो. कधी तेही होत नाही. पण ओळख एकदा पटली की ती सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. पुढे पस्तिशी-चाळिशीत ती मुलगी पांढरे केस झाकायला डाय लावते आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडत नाहीत इतका चेहरा सुजतो. लग्नसराईत असे चेहरे मी दरवर्षी पाहतो. ते म्हणतात, “डॉक्टर, मी तर पहिल्यांदाच लावला.” मी विचारतो, लहानपणी काळी मेंदी? मग आठवतं. पीपीडीला ओळखणाऱ्या शरीराला त्याच्या नात्यातली काही रसायनंही सोसत नाहीत. काही कपड्यांचे रंग आणि बधिर करायचं बेंझोकेन हे औषध त्यांत येतं.

युरोपीय संघात केसांच्या अशा रंगांच्या खोक्यावर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही, असं छापावं लागतं, आणि काळ्या मेंदीच्या टॅटूमुळे ॲलर्जीचा धोका वाढू शकतो हेही. आपल्या देशातही पीपीडी असलेल्या डायच्या पाकिटावर आधी चाचणी करा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते, अशी सूचना कायद्याने द्यावी लागते. ही सूचना हवेतून आलेली नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या रंगवायच्या एका उत्पादनाने, ज्यात हेच रसायन होतं, स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, काहींना अंधत्व आलं. १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनांना कायद्याखाली आणलं गेलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

म्हणून नियम सोपा ठेवा. मुलांच्या केसांसाठी काळा, गडद तपकिरी किंवा ‘नॅचरल ब्लॅक’ असा कुठलाच डाय नको, अगदी आजोबांच्या वाटीत उरलेला थोडासाही नको. लग्नात मेंदी काढायचीच असेल तर घरी भिजवलेली, केशरी येणारी. दहा मिनिटांत रंगणारा कोन नको.

आणखी एक, कारण घरात मूल असेल तर सांगितलंच पाहिजे. डायची पुडी किंवा बाटली औषधांसारखी कुलपात ठेवा. पीपीडी पोटात गेलं तर काही तासांत जीभ आणि मान सुजून श्वास कोंडतो, स्नायू मोडून लघवी चहासारखी काळपट होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मुलाने डाय तोंडात घातला असं वाटलं तरी उलटी करवत बसू नका, पाकीट बरोबर घ्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. गुलाबी खडूची भीती वाटणाऱ्या किती घरांत ही पुडी बेसिनवरच्या उघड्या फळीवर असते!

नैसर्गिक असलं की झालं?

“मग बीट किसून त्याचा रस लावू का?” हा पुढचा प्रश्न. लावा, काळ्या केसांवर काहीही दिसणार नाही, आणि मुंग्या येतील.

शुद्ध मेंदीबद्दल मात्र एक इशारा. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता काही मुलांमध्ये असते. हा विकर तांबड्या पेशींना सांभाळतो. तो कमी असला की काही ठरावीक पदार्थांच्या संपर्कात पेशी फुटू लागतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या अशा बाळांपासून दूर ठेवा असं आम्ही सांगतो ते ह्यासाठीच. मेंदीतलं रंगद्रव्य, लॉसोन, हे रासायनिकदृष्ट्या त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या जवळचं आहे, आणि ही कमतरता असलेल्या बाळांना अंगभर मेंदी लावल्यावर कावीळ व रक्तक्षय झाल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या, निरोगी मुलाच्या तळहातावर छोटा ठिपका काढला म्हणून घाबरू नका. पण तान्ह्या बाळाच्या डोक्याला मेंदी थापू नका, आणि कुटुंबात ही कमतरता असेल तर मुळीच नको.

खाण्याचा रंग कंडिशनरमध्ये कालवून लावण्याचे व्हिडिओ फिरतात. खाण्याचे कृत्रिम रंग आपल्याकडे मोजकेच मान्य आहेत, आणि लेबल असलेल्या बाटलीतला रंग केसाच्या टोकाला लागला तर मोठं काही बिघडणार नाही. त्वचा आणि उशी मात्र आठवडाभर रंगीत राहील. बाजारात सुटा मिळणारा भडक गुलाबी रंग ही वेगळी गोष्ट. तो रोडामाइन-बी असू शकतो, जो कापडासाठी आहे. गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’मध्ये तो सापडला म्हणून २०२४ मध्ये तामिळनाडूने त्या मिठाईवरच बंदी घातली होती. पोटात नको तो रंग पाच वर्षांच्या डोक्यावर कशाला?

आणि रंगपंचमी? रसायनांच्या भीतीने खडू नाकारणारं घर त्या दिवशी मुलाला सकाळी आठला रस्त्यावर सोडतं आणि दुपारी एकला ओळखू न येणाऱ्या अवस्थेत परत घेतं. २०१२ साली होळीच्या रंगांमुळे मुंबईत धारावीतल्या शंभराहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, एक मुलगा दगावला. सण बंद करा असं मी म्हणत नाही, मीही खेळतो. फक्त तीच कसोटी तिथेही लावा : पाकिटावर नाव आहे का, काय घातलं आहे ते लिहिलं आहे का.

लावायचाच तर

वय. तीन वर्षांखालच्या मुलाला काहीच लावू नका. त्याने मागितलेलं नसतं, हवं असतं ते आपल्याला, बहुधा रीलसाठी. चार-पाच वर्षांचं मूल स्वतःहून मागतं, थोडा वेळ स्थिर बसतं, आग झाली तर सांगू शकतं. मुलगा असला तरी तेच. “मुलग्याला कशाला निळे केस?” ह्या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात काही उत्तर नाही.

वस्तू. केसांसाठीच बनवलेला खडू किंवा वॅक्स, ज्यावर उत्पादक, परवाना क्रमांक, मुदत आणि घटक छापलेले आहेत. चित्रकलेचे पेस्टल किंवा फळ्याचे खडू नकोत. चित्रकारांच्या काही पेस्टलमध्ये विषारी धातूंची रंगद्रव्यं असतात. दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. लाली, खाज उठली तर विषय संपला. भडक रंगांना ॲलर्जी कमी होते, पण होतच नाही असं नाही.

डोक्यावर जखम, पुरळ, नायटा, इसब असेल तर नको. उवा असतील तर आधी उवांचा बंदोबस्त करा, आणि शाळेत एकच खडू, एकच कंगवा चाळीस डोक्यांवर फिरत असेल तर आपला वेगळा द्या. रंग मुळापासून दोन-तीन बोटं सोडून, केसांच्या टोकांकडे, खांद्यावर जुना टॉवेल टाकून. पुढच्या, कपाळावर येणाऱ्या केसांना नको, घामाबरोबर तो डोळ्यात उतरतो. डोळ्यात गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याने धुवा, आणि तरीही डोळा लाल राहिला तर नेत्रतज्ज्ञांकडे. ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, घरघर लागली, तर वाट न बघता रुग्णालय.

शाळेचा नियम असेल तर शनिवारी दुपारी लावा आणि रविवारी संध्याकाळी काढा. सोमवारी वर्गासमोर उभं राहून बोलणी खाण्याएवढी ती बट मोलाची नाही, आणि बोलणी मुलालाच खावी लागतात, आपल्याला नाही.

त्याच रात्री मात्र रंग डोक्यात ठेवून झोपवू नका. तो उशीवर, गालावर, तोंडात जातो. आधी केसांना खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटं थांबा, मग मुलांच्या साध्या शाम्पूने दोनदा धुवा. नखांनी घासू नका. आणि रंगपंचमीचा ऑइलपेंट काढायला काही घरांत अजून रॉकेल वापरतात, ते केसांना कधीही नको. त्याने त्वचा भाजते, आणि त्याचा एखादा घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. दोन धुण्यांनंतरही उन्हात बट जरा जांभळी दिसली तर दिसू द्या. आठवड्याभरात जाईल, आणि काळ्या केसांवर ती बाईंच्या लक्षातही येणार नाही.